इंजिनाला थंडीही बाधते

आमच्या घरात एक वाद चाळीस वर्षं चालला. तो शेताच्या बांधाचा नव्हता, घराच्या वाटणीचाही नव्हता. वाद होता मोटारीच्या इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचा. एका बाजूला माझे अब्बा, वाई-पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर टॅक्सी चालवणारे. दुसऱ्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे चाचा, वाईच्या एका गॅरेजात काम शिकलेले मेकॅनिक.

अब्बांची टॅक्सी म्हणजे १९३८ ची फोर्ड व्ही-एट. दोन मालकांनी वापरून झाल्यावर ती आमच्याकडे आली होती. १९६१ च्या उन्हाळ्यात पसरणी घाटात तिचं पाणी उकळायला लागलं. भरलेल्या गाडीतले पाहुणे रस्त्यावर उतरून उभे, बॉनेटमधून वाफेचा लोट आणि अब्बा हातात फडकं घेऊन झाकण उघडायची वाट बघताहेत, हे चित्र मला आजही आठवतं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

चाचांनी एका संध्याकाळी इंजिनाच्या वरच्या दोन्ही रबरी नळ्या सोडवल्या आणि आतून पितळेच्या दोन वस्तू काढल्या. ते म्हणाले, "भाई, हे थंड मुलखातल्या लोकांसाठी आहे. पाणी अडवून ठेवतं. आपल्याकडे याचं काय काम?" नळ्या पुन्हा बसल्या. दुसऱ्या दिवसापासून गाडी उकळायची थांबली आणि घरात चाचांचा मान वाढला.

पण दोन हिवाळे गेले आणि गाडीने दुसरंच दुखणं काढलं. तेलाच्या पट्टीला पेट्रोलचा वास यायचा. सायलेन्सरमधून निळा धूर. चढावर दम नाही. सिलिंडर घासून घासून मोठे झाले होते, बोअर करून नवे पिस्टन टाकायला हवे होते. तेवढा पैसा नव्हता आणि परदेशी गाडीचे सुटे भाग त्या काळात मिळणंही मुश्किल होतं. गाडी भंगाराच्या भावात गेली. स्वतःच्या टॅक्सीचे मालक असलेले अब्बा त्यानंतर आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर राहिले.

अब्बांचं म्हणणं, ते दोन व्हॉल्व्ह काढल्यामुळे इंजिन गेलं. चाचांचं म्हणणं, तेल हलकं वापरलं म्हणून गेलं. दोघे ईदला एकमेकांच्या गळ्यात पडायचे, एका ताटात जेवायचे, पण गाडीचा विषय निघाला की एकजण उठून जायचा. अब्बांनी पुन्हा कधी चाचांना कुठल्या गाडीला हात लावू दिला नाही.

अब्बा गेले. काही वर्षांनी त्यांचा पत्र्याचा बिस्किटाचा डबा मी उघडला. आत जुनं लायसन्स, टॅक्सीचा बिल्ला आणि जुन्या फडक्यात गुंडाळलेल्या त्याच दोन पितळी वस्तू. त्यांनी त्या टाकल्या नव्हत्या. मग मी ठरवलं, हा वाद निदान मला तरी समजला पाहिजे. त्यासाठी मोटारीतल्या पाण्याचा इतिहास मागे जाऊन वाचावा लागला. तो इतिहास मला वाटला होता त्यापेक्षा वेगळा निघाला, म्हणून इथे लिहितो आहे.

पाणी उकळणं हाच पहिला नियम

पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरच्या आत दोन हजार अंशांच्या वर उष्णता होते. जुन्या इंजिनांत त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचायचा. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि सिलिंडरच्या भिंतींमधून बाहेर पडायची. भिंती थंड केल्या नाहीत तर तेल जळून जातं आणि पिस्टन अडकतो. म्हणून सिलिंडरभोवती पाण्याचं आवरण आलं.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी सरळ उकळायचं, वाफ उडून जायची आणि उडालेलं पाणी वरून भरायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गेली. त्या प्रवासात वाटेत जिथे मिळेल तिथे ती पाणी भरत गेली.

हे वाचताना हसू येतं, पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती व्यवस्था अडाणी नव्हती. उघड्या भांड्यातलं पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान शंभर अंशांवर थांबतं. खाली जाळ कितीही वाढवा, पाणी जास्त तापत नाही, फक्त जास्त वाफ होते. म्हणजे बेंझच्या इंजिनातलं पाणी एकदा उकळलं की, भांड्यात पाणी आहे तोवर, कुणी लक्ष न देता एकाच तापमानावर राहायचं. मोटारीतला तापमानाचा पहिला नियामक म्हणजे स्वतः उकळणारं पाणी. त्याची किंमत एवढीच, की दर काही मैलांवर विहीर शोधायची.

रेडिएटर आला आणि उलटा प्रश्न आला

विहीर शोधण्याचा त्रास विल्हेल्म मायबाखने संपवला. डाइमलर कारखान्यासाठी त्याने १९०० साली जी पस्तीस घोड्यांची गाडी बनवली, तिला एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीचं, मर्सिडीजचं, नाव मिळालं. तिच्या पुढच्या तोंडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८,०७० नळ्या, त्यांतून वारा जातो, भोवतीने पाणी, मागे एक पंखा. एवढ्या जोरदार इंजिनाला जेमतेम नऊ लिटर पाणी पुरायला लागलं. आजही मोटारीचं तोंड म्हटलं की जी जाळी आपल्या डोळ्यांसमोर येते, तिचा जन्म तिथला.

या शोधाने मोटार घाट चढायला लागली. आपल्या भागातलंच उदाहरण द्यायचं तर १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस सह्याद्रीचे घाट ओलांडून गेली आणि नाव कमावून आली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली.

पण रेडिएटरबरोबर एक नवा प्रश्न आला आणि तो ओळखायला माणसांना बरीच वर्षं लागली. रेडिएटर किती मोठा ठेवायचा? तो ठेवावा लागतो सगळ्यांत वाईट वेळेसाठी. भर उन्हाळा, भरलेली गाडी, पहिला-दुसरा गिअर, घाटाची चढण. त्या वेळी पाणी उकळू नये एवढा मोठा. मग तीच गाडी डिसेंबरच्या पहाटे सपाटीवर रिकामी धावते तेव्हा? किंवा इंजिनावर काही भार नसताना घाट उतरते तेव्हा? तेव्हा तो रेडिएटर गरजेपेक्षा कितीतरी मोठा असतो. पाणी साठ अंशांवरसुद्धा पोचत नाही. चढणीसाठी शिवलेला अंगरखा उतरणीला ढगळ होतो.

सुरुवातीच्या मोटारवाल्यांना याची फिकीर नव्हती. उकळलेलं पाणी डोळ्यांना दिसतं, वाफ येते, रस्त्यावर फजिती होते. गार पडलेलं इंजिन तक्रार करत नाही. ते हळूहळू झिजतं.

फोर्डची युक्ती आणि झाकणावरचा थर्मामीटर

१९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता, मग तो काढून टाकला. पुढे दीड कोटी गाड्या निघाल्या त्या बहुतेक सगळ्या पंपाशिवाय. पाणी फिरायचं ते आपोआप. गरम पाणी हलकं होतं म्हणून इंजिनातून वर चढून रेडिएटरच्या डोक्यात जातं, तिथे गार झालं की जड होऊन खाली उतरतं आणि पुन्हा इंजिनात येतं. चुलीवरच्या पातेल्यात तांदळाचे दाणे वरखाली फिरतात, तेच हे. याला थर्मोसायफन म्हणतात.

यात एक शहाणपण होतं. इंजिन गार असेल तर पाणी जवळजवळ फिरतच नाही, त्यामुळे ते लवकर तापतं. तापत जाईल तसं फिरण्याचा वेग वाढतो. पण या चालीला जोर कमी. आणि पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की साखळी तुटते, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन उकळतं. म्हणून मॉडेल टी चालवणारा माणूस पाण्याची कळशी जवळ बाळगायचा.

पाणी किती तापलं हे ड्रायव्हरला कसं कळणार? त्यावर अमेरिकेत हॅरिसन बॉइस याने मोटोमीटर काढला. रेडिएटरच्या झाकणातच बसवलेला गोल काचेचा थर्मामीटर. त्याचा दांडा आत, पाण्याच्या वरच्या वाफेत. लाल रेघ वर चढताना ड्रायव्हरला आपल्या जागेवरून समोरच्या काचेतून दिसायची. १९१० च्या दशकात आणि पुढे विसाच्या दशकातही तो इतका लोकप्रिय झाला की व्हिंटेज गाड्यांच्या मेळाव्यात आजही निम्मे लोक तो शोभेची वस्तू समजून बघतात. प्रत्यक्षात ते ड्रायव्हरच्या नजरेला दिलेलं काम होतं. तापमान आता दिसत होतं, पण सांभाळायचं माणसानेच.

पेट्रोल जड झालं

गार इंजिनाचं नुकसान उघडं पडलं ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. मोटारी झपाट्याने वाढल्या, पेट्रोलची मागणी वाढली, म्हणून तेलाच्या कंपन्या जड अंश मिसळलेलं पेट्रोल विकू लागल्या. सुरुवातीचं हलकं पेट्रोल थंडीतही सहज उडून जायचं. हे जड पेट्रोल गार सिलिंडरमध्ये पुरतं उडत नसे. त्याचे थेंब भिंतीवर जमायचे, तिथला तेलाचा थर धुऊन काढायचे आणि पिस्टनच्या बाजूने खाली तेलाच्या टाकीत उतरायचे. तेल पातळ व्हायचं. बेअरिंगला आणि सिलिंडरला जे तेल वाचवणार, तेच निम्मं पेट्रोल.

अब्बांच्या फोर्डच्या तेलाला जो वास येत होता, त्याचं कारण मला इथे सापडलं.

याहून खोल कारण १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये पुढे आलं. तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्स या संस्थेने सिलिंडरच्या झिजेवर प्रयोग केले. तोवर सर्वांचा समज होता की सिलिंडर घासून झिजतो. प्रयोगात दिसलं की भिंत गार असेल तर झीज कित्येक पटींनी वाढते, आणि ती घासण्यापेक्षा गंजण्याने होते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि थोडे आम्लही. भिंत गरम असली की ते सगळं धुराबरोबर निघून जातं. भिंत गार असली की त्याचं दव पडतं आणि आम्लाचं पाणी लोखंडाला खातं. हिवाळ्यात सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पाणी ठिबकताना आपण पाहतो, तेच पाणी.

म्हणजे इंजिनाला दोन शत्रू आहेत. वरचा शत्रू वाफ सोडत येतो. खालचा गुपचूप येतो.

पितळेचा भाता

खालच्या शत्रूला अडवायचं तर पाणी पुरेसं तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही. पण दर पाच मिनिटांनी नळ उघडबंद कोण करणार? हे काम आपोआप करणारी वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट.

उष्णतेने आपोआप उघडझाप करणारी कल्पना मोटारीपेक्षा बरीच जुनी आहे. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने कोंबडीची अंडी उबवण्याच्या भट्टीसाठी ती वापरली होती. मोटारीच्या कामाला आली ती वेस्टन फुल्टनची वस्तू. फुल्टन अमेरिकेच्या हवामान खात्यात नॉक्सव्हिलला नोकरीला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने पातळ पितळेचा, सांधा नसलेला, घड्याघड्यांचा भाता तयार केला. हार्मोनियमचा भाता डोळ्यांसमोर आणा, पण अंगठ्याएवढा. त्यात लवकर उडणारा द्रव भरून तोंड बंद केलं की थर्मोस्टॅट तयार. पाणी तापलं की द्रवाची वाफ होते, भाता लांबतो, त्याच्या टोकाची चकती उचलली जाते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. पाणी गार झालं की भाता आखडतो आणि दार बंद.

या भात्यात आणखी एक सोय होती. गार असताना त्याच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे त्याला भोक पडलं तर तो आखडत नाही, उलट मोकळा होऊन लांबतो आणि दार उघडं राहतं. म्हणजे भाता फुटला तर इंजिन गार राहील, पण उकळून मरणार नाही. मोडतानाही कमी नुकसानीच्या बाजूला मोडणारी वस्तू.

१९१४ मध्ये कॅडिलॅकने आठ सिलिंडरची गाडी काढली. चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंना वेगळा पंप आणि वेगळा थर्मोस्टॅट. मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या गाडीत ही सोय पहिल्यांदा तिथे आली.

काही कारखान्यांनी दुसरी वाट धरली. पाणी अडवण्याऐवजी वारा अडवायचा. रोल्स-रॉइसच्या विसाच्या दशकातल्या फँटममध्ये रेडिएटरपुढे खिडकीच्या झडपांसारख्या उभ्या पट्ट्या होत्या आणि त्या फिरवायचा दांडा ड्रायव्हरजवळ. संस्थानिकांच्या गाड्या चालवणारे शोफर हा दांडा रस्ता आणि हवा बघून पुढेमागे करायचे. तिसाच्या दशकात रोल्स-रॉइस, पॅकार्ड अशा महागड्या गाड्यांत त्या झडपा थर्मोस्टॅटच हलवू लागला. शोफरच्या हाताला तेवढं काम कमी झालं.

फोर्ड व्ही-एट आणि पसरणी घाट

आता आमच्या गाडीकडे येतो. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचं इंजिन सामान्य माणसाच्या किमतीत आणलं. ताकद भरपूर, पण उकळण्यासाठी ते बदनाम. कारण तिच्या रचनेतच होतं. जळालेला धूर बाहेर काढणारे मार्ग इंजिनाच्या ठोकळ्यातून, पाण्याच्या आवरणामधून जायचे, त्यामुळे धुराची उष्णतासुद्धा पाण्यात उतरायची. सुरुवातीला पंप वर, हेडच्या तोंडाशी होते आणि ते गरम पाणी ओढायचे. १९३७ मध्ये ते खाली ठोकळ्याच्या पुढच्या बाजूला आणले, तेव्हा थोडा फरक पडला. दोन बाजू, दोन पंप, वरच्या दोन नळ्यांपाशी दोन थर्मोस्टॅट.

त्यात पसरणी घाट. वाई सोडली की गाडी चढायला लागते ती पाचगणीच्या पठारापर्यंत. वेग कमी, गिअर खालचा, म्हणजे वारा कमी आणि उष्णता जास्त. शिवाय उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे पाणी साधारण पंच्याण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. पुढच्या काळात दाब धरणारी झाकणं आली. सात पौंडांच्या झाकणाखाली पाणी सुमारे एकशे दहा अंशांपर्यंत उकळत नाही. आमच्या गाडीचं मूळ झाकण केव्हाच हरवलं होतं. अब्बा साधं झाकण आणि खाली फडकं लावायचे.

अशा गाडीत थर्मोस्टॅट काढल्याने काय व्हावं? इथे मला चाचांची चूक दिसली, आणि ती फक्त त्यांची नाही. आजही आपल्याकडे कितीतरी गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून फेकून देतात आणि म्हणतात, गरम देशात लागत नाही. पण थर्मोस्टॅट इंजिन तापवत नाही आणि थंडही करत नाही. तो दारावरचा माणूस आहे. सत्तर-पंच्याहत्तर अंशांच्या खाली दार बंद, वर गेलं की उघडं. घाटात पाणी नव्वदला पोचलं तेव्हा चांगला थर्मोस्टॅट कधीच पूर्ण उघडलेला असतो. इंजिन किती गार होऊ द्यायचं नाही, हे तो ठरवतो. किती तापू द्यायचं नाही, हे ठरवणारा रेडिएटर, पंप आणि पंखा.

मग व्हॉल्व्ह काढल्यावर आमची गाडी उकळायची थांबली कशी? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

एक गोष्ट मात्र अब्बांच्या बाजूने होती. त्या दोन हिवाळ्यांत ते रोज पहाटे रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तळहात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "इंजिनाला थंडी वाजते." चाचा हसायचे. मग अब्बांनी रेडिएटरपुढे गोणपाट बांधायला सुरुवात केली. महाबळेश्वरहून सकाळी उतरताना गोणपाट लावायचं, वाईला पोचल्यावर सोडायचं. रोल्स-रॉइसच्या झडपांचं काम ते पोत्याच्या तुकड्याने करत होते, त्या झडपांचं नावही न ऐकता. एकदा ते सोडायला विसरले आणि गाडी सपाटीवर उकळली. हाताने सांभाळायच्या व्यवस्थेचा हाच दोष. पितळेचा भाता विसरत नाही.

चिंचेचं पाणी

शेवटी मी तेच केलं जे जुन्या दुरुस्तीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोडले, भांड्याच्या तळाला लागू न देता. शेजारी काचेचा थर्मामीटर. गॅस बारीक.

सत्तरच्या आसपास एकाची चकती हलली. ऐंशी होईतो ती पूर्ण उचलली गेली होती. साठ वर्षं डब्यात पडून राहिलेला भाता जिवंत होता. दुसरा मात्र पाणी खळखळा उकळलं तरी हलला नाही. बाहेर काढून उजेडात धरला तेव्हा दिसलं, चकती आणि तिची बैठक यांच्यामध्ये पांढरट, दगडासारखा थर. विहिरीच्या जड पाण्याचा क्षार.

म्हणजे १९६१ मध्ये इंजिनाच्या एका बाजूचं दार कायमचं बंद झालं होतं. भाता फुटला नव्हता, म्हणून तो मोकळाही झाला नव्हता. क्षाराने त्याला जागेवर बांधून टाकलं होतं. त्या बाजूचे चार सिलिंडर उकळत होते आणि वाफ सगळ्या गाडीची निघत होती. चाचांनी व्हॉल्व्ह काढले म्हणून दार उघडलं. त्यांचं निदान बरोबर होतं, पाणी खरंच अडत होतं. चूक होती ती पुढची. एक व्हॉल्व्ह बिघडला म्हणून त्यांनी दोन्ही काढले आणि व्हॉल्व्ह नावाच्या वस्तूलाच निरुपयोगी ठरवलं.

तो अडकलेला मी दोन रात्री चिंचेच्या पाण्यात ठेवला. अम्मी तांब्याची भांडी चिंचेने घासायची, ते आठवलं म्हणून. नंतर जुन्या दातांच्या ब्रशने घासला आणि पुन्हा पातेल्यात सोडला. पंच्याहत्तरच्या पुढे तो अडखळत उघडला. गार झाल्यावर बंदही झाला.

चाचा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. वाईला जाऊन मी दोन्ही त्यांच्या हातात ठेवले. नजर कमी झाली आहे, पण बोटांनी त्यांना लगेच कळलं काय आहे ते. पहिलं वाक्य आलं, "भाईने ठेवले होते?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कॅडिलॅक, फुल्टन, गार भिंतीवरचं आम्ल, पातेलं, चिंच. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "मी शिकलो त्या गॅरेजात एक पुस्तक होतं. इंग्रजी. साहेबाच्या कपाटात कुलपात. आम्हा पोरांना कधी हात लावू दिला नाही. मला पाना धरायला शिकवलं, पण हा व्हॉल्व्ह कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नाही. उस्ताद काढायचे, म्हणून मी काढला."

थोडा वेळ गेला. "एक चालू होता म्हणतोस?"

"हो, चाचा."

"आणि दुसऱ्याला नुसती चिंच हवी होती."

मी काही बोललो नाही. मला वाटत होतं, हे सांगून मी म्हातारपणी त्यांच्यावर ओझं टाकलं की काय. पण ते आत वळून सुनेला म्हणाले, "बेटा, गॅसवर पातेलं ठेव पाण्याचं." मग मला म्हणाले, "उघडताना मला बघायचं आहे. मी हे शंभर तरी काढून फेकले असतील. उघडताना एकही बघितला नाही."